जामीन मंजूर झाला, तरी ती तुरुंगातच का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमच्या शेतात खुरपणीला येणारी एक तरुण पारधी बाई गावातल्या घरफोडीच्या संशयावरून नवऱ्यासोबत अटक झाली. कोर्टाने तिला 25,000 रुपयांचा आणि एका स्थानिक जामीनदाराचा जामीन मंजूर केला, त्याला तीन आठवडे झाले. तरी ती दोन वर्षांच्या लेकरासह जिल्हा कारागृहातच आहे. कायदा बायकांना सवलत देतो, न्यायाधीशांनीही दिली, मग ती आत कशी? हे जातीमुळे होतंय, बाई असल्यामुळे, की गरीब असल्यामुळे? आणि तुम्हाला तिच्यासाठी काय करता येईल?

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि मोफत वकील पुरवणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून कच्च्या कैद्यांची, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही त्यांची, कामं बरीच वर्षं बघत आले आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंच तपशिलांवर अवलंबून आहे. कोणती कलमं लावली आहेत, आधीची एखादी केस तिच्या नावावर आहे का, आणि दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात तिचा ताबा मागितलाय का, हे कळल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, कारण ही गोष्ट मी वेगवेगळ्या बायकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

खुल्या कोर्टात जातीचं नाव घेऊन कोणी जामीन नाकारत नाही. निदान माझ्यासमोर तरी तसं झालेलं नाही. उलट, अंगावर मूल घेतलेली बाई समोर उभी राहिली की बहुतेक न्यायदंडाधिकारी तिच्याकडे सहानुभूतीने बघतात. भेदभाव शोधायला गेलात तर तो एखाद्या माणसाच्या तोंडी सापडणार नाही. तो तीन साध्या प्रश्नांत सापडेल. तुझा पत्ता काय? तुझ्यामागे कोण उभं राहणार? तुझ्या नावावर आधी काय आहे? तिन्ही प्रश्न कायदेशीर आहेत आणि सगळ्यांना सारखेच विचारले जातात. पण पारधी बाईची या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्या जन्माआधीच ठरून गेलेली असतात.

पत्त्यापासून सुरुवात करू. आरोपी पळून जाणार नाही याची खात्री कोर्टाला हवी असते, म्हणून त्याची समाजात मुळं किती आहेत हे पाहिलं जातं. घर, शेती, नोकरी, कुटुंब. तुमच्या गावातली पारधी वस्ती बहुधा गायरानावर असेल. तसं असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, त्यांच्या घरांची नोंद नसते, कारण सरकारी कागदावर ते अतिक्रमण असतं. रहिवासी दाखला मागायला गेलं की ग्रामसेवक कचरतो. पोलीस आपल्या म्हणण्यात, ज्याला आम्ही कोर्टात 'से' म्हणतो, एक ओळ लिहितात: आरोपी भटक्या जमातीची असून तिचा कायमस्वरूपी ठावठिकाणा नाही. जी बाई तिच्या सासूच्या काळापासून त्याच गायरानावर राहते, तिच्याबद्दल हे लिहिलेलं असतं. ही ओळ खोडून काढायला कागद लागतो, आणि तोच तर तिच्याकडे नाही.

आता जामीनदार. तुमचं प्रकरण अडलंय ते बहुधा इथेच. आपल्याकडे जामीनदाराने सातबारा आणायचा किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला द्यायचा, ही रूढ पद्धत आहे. गावात सातबारा कोणाच्या नावावर असतो? जमीन असणाऱ्यांच्या. घरफोडी झालेलं घरही बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच कोणाचं तरी असतं. म्हणजे पारधी बाईने जामीनदार शोधायचा तो फिर्यादीच्या भावकीत, सोयऱ्यांत किंवा शेजाऱ्यांत. तिच्या स्वतःच्या नात्यात जमीन कोणाकडेच नसते. 'स्थानिक जामीनदार' हे दोन शब्द आदेशात किती सहज येतात, आणि तिच्यासाठी त्यांचा अर्थ किती कठीण होतो, ते बघा.

हा प्रश्न नवा नाही. 1978 साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याच्या भावाची जामीनकी केवळ भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या दोन्ही गोष्टींवर कडक शब्दांत टीका केली. गरिबाला वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे आपल्या भाषेत जातमुचलक्यावर, सोडता येतं आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालतो, हे त्यात स्पष्ट झालं. इतकी वर्षं झाली, तरी तालुक्याच्या कोर्टात स्थानिक जामीनदाराची अट येतेच. सगळा दोष न्यायाधीशांवर टाकणंही बरोबर नाही. रिमांडच्या वेळी समोर ढीगभर फायली असतात आणि आदेशाचा ठरलेला साचा असतो. आरोपीच्या वकिलाने त्या क्षणी तोंड उघडून 'ही अट हिला पाळता येणार नाही' असं सांगितलं नाही, तर तोच साचा वापरला जातो.

तिसरा प्रश्न रेकॉर्डचा. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण पारध्यांच्या बाबतीत सगळी गुंतागुंत इथे आहे.

1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवून तिची नोंदणी करायची, पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलू द्यायचं नाही. 1924 च्या सुधारित कायद्याने ही व्यवस्था आणखी आवळली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती, तिथे राहिलेल्यांची नातवंडं आज आपल्यात आहेत. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती कायद्याच्या यादीतून मुक्त झाल्या, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. पण लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा 1959 चा. कायद्याच्या मजकुरातून जमात गेली आणि 'सराईत' आला. पोलीस ठाण्याच्या सवयीत मात्र दोन्ही एकच राहिले.

आज हे कसं चालतं ते सांगते. तालुक्यात घरफोड्या वाढल्या, वरून दबाव आला की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते. तुम्ही वर्तमानपत्रात 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' अशी बातमी कितीदा तरी वाचली असेल. रात्रीची वेळ, आडरान, जप्तीत कोयता, दोरी, मिरचीपूड आणि बॅटरी. कायद्याने दरोड्याला किमान पाच माणसं लागतात, त्यामुळे पाचचा आकडा जुळणं महत्त्वाचं असतं, आणि तो जुळवण्यासाठीच घरातल्या बाईचं नाव आलं असावं असा दाट संशय यावा अशी दोषारोपपत्रं मी वाचली आहेत. अशा खटल्यांत पुष्कळदा पंच फितूर होतात किंवा तेच ते पंच अनेक केसमध्ये दिसतात, आणि काही वर्षांनी निर्दोष सुटका होते. पण तोपर्यंत त्या माणसाच्या नावापुढे एक गुन्हा नोंदलेला असतो. पुढच्या वेळी पोलिसांच्या 'से' मध्ये तोच गुन्हा 'पूर्वेतिहास' म्हणून येतो. निर्दोष सुटल्याचं त्यात लिहिलेलं नसतं. शिवाय संशयित म्हणून चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई, सूर्यास्तानंतर संशयास्पद फिरल्याची केस, तडीपारीचा प्रस्ताव. यातल्या एकाही गोष्टीत चोरी सिद्ध झालेली नसते, पण कागदांचा गठ्ठा जाड होत जातो. उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याला चिखल चिकटत जावा तसं हे रेकॉर्ड वाढतं.

नव्या कायद्यातही हा धागा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये कच्च्या कैद्यांसाठी चांगली तरतूद आहे. आधी कधीही शिक्षा न झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, ते समजण्यासारखं आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. सिद्ध झालेले असण्याची गरज नाही, नुसते प्रलंबित असले तरी पुरे. आता सांगा, एकाच वेळी चार-पाच प्रलंबित गुन्ह्यांत नाव असण्याची शक्यता कोणाची जास्त? ज्याच्या वस्तीवर पहिली गाडी जाते त्याची. कलम 43 मध्ये 'सराईत' किंवा पुन्हा गुन्हा करणाऱ्या आरोपीला हातकडी घालण्याची मुभाही आली आहे. कागदावर हे नियम सगळ्यांना सारखे आहेत. जमिनीवर ते कोणावर पडतात हे मी रोज बघते.

दुसऱ्या बाजूने आपल्या हातात एक चांगलं हत्यारही आलं आहे, आणि तुमच्या वकिलाने ते वापरायलाच हवं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. त्या पत्रकार आहेत आणि तुरुंगात जातीनुसार कामं वाटली जातात याविरुद्ध त्यांनी याचिका केली होती. झाडलोट आणि संडास-सफाई एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला, असे नियम काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत चक्क छापलेले होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातींना सरसकट सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही रद्द ठरवल्या. शिवाय विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी आधीच्या दोन निकालांतली मार्गदर्शक तत्त्वं पाळावीत असा स्पष्ट निर्देश दिला. एक अर्नेश कुमार, 2014: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची खरोखर गरज आहे का हे पोलिसांनी आधी तपासायचं आणि कारणं नोंदवायची. दुसरा अमानतुल्ला खान, 2024: वंचित समाजातल्या लोकांची नावं पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे संशयितांवर नजर ठेवण्यासाठीच्या नोंदीत, यांत्रिकपणे घालायची नाहीत.

हे सगळं किती टोकाला जाऊ शकतं याचं एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. 2003 साली जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ एका वस्तीवर रात्री दरोडा, बलात्कार आणि खून झाले. अत्यंत भयानक गुन्हा होता तो. त्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना आरोपी केलं गेलं. सत्र न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. नंतर पुनर्विचार झाला आणि 5 मार्च 2019 रोजी अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यायला सांगितले आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितली. सोळा वर्षांच्या आसपास तुरुंगात गेली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. त्यांच्यातला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही उशिरानेच मान्य झालं. या निकालाचा विचार करताना मला नेहमी त्या गुन्ह्यातल्या पीडितांचंही वाटतं. चुकीची माणसं पकडली गेली म्हणजे खरी सुटली. पारधी किंवा वडार दिसला की तपास संपला, ही सवय फिर्यादीवरही अन्याय करते. तुमच्या गावात ज्याचं घर फुटलं त्याच्यावरही.

थोडक्यात, आतापर्यंतचं असं: पत्ता नाही म्हणून पळून जाण्याची भीती, जमीन नाही म्हणून जामीनदार नाही, आणि संशयाच्या केसेस म्हणून रेकॉर्ड. जात आणि गरिबी इथे वेगळी काढता येत नाही, एकीतूनच दुसरी आली आहे.

आता तुम्ही विचारलेली बाईपणाची बाजू. कायद्यात सवलती आहेत, हे खरं. संहितेच्या कलम 480 प्रमाणे गंभीर अजामीनपात्र गुन्ह्यातही स्त्रीला जामीन देता येतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. तिची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करायची. पण कलम 480 मध्ये 'देता येतो' असं आहे, 'द्यावाच' असं नाही. आणि तो कोणत्या बाईला सहज मिळतो, हे बघण्यासारखं आहे. जिचा नवरा कोर्टात येऊन बसला आहे, ज्याची नोकरी आहे, जिच्या घराचा पत्ता स्पष्ट आहे, तिला. पारधी वस्तीवर धाड पडते तेव्हा पुरुष पळून जातात आणि बायका सापडतात. कित्येकदा नवरा हजर व्हावा म्हणूनच बाईला ठाण्यात बसवून ठेवलं जातं, कागदावर तिची अटक दुसऱ्या दिवशी सकाळची दाखवली जाते. सूर्यास्ताचा नियम असा कागदावर पाळला जातो. तुमच्या प्रकरणात तिला वस्तीवरून नेलं ती वेळ आणि अटक पंचनाम्यावरची वेळ दोन्ही जुळवून पाहा. फरक असेल तर वस्तीवरच्या कोणाकडून तरी तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

नवरा-बायको दोघे आत गेले की बाईची परिस्थिती जास्त वाईट होते. नवऱ्यासाठी त्याची आई, भाऊ धावपळ करतात. सुनेसाठी सासरची माणसं आधी पैसा खर्च करत नाहीत, माहेर दूर असतं. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते, त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतले तीन जण गुन्हा सिद्ध न होता आत. यात स्त्रिया साधारण चार टक्के. संख्या कमी म्हणून त्यांच्यासाठी वेगळे तुरुंगही कमी, बाकी ठिकाणी पुरुषांच्या तुरुंगातला एक छोटा विभाग. भेटीला येणारं कोणी नाही, वकील कोण आहे हे तिला माहीत नाही, जामीन झाल्याचंही कित्येकींना उशिरा कळतं. भाषेचाही प्रश्न आहे. घरात पारधी बोली, कोर्टात कायद्याची मराठी. 'बंधपत्र सादर करण्याच्या अधीन राहून' हे वाक्य तिला समजावं कसं?

तिचं दोन वर्षांचं मूल सोबत आहे. 2006 च्या आर. डी. उपाध्याय निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं आणि त्याला दूध, आहार, लसीकरण आणि खेळायची सोय तुरुंगाने द्यायची असते. तिला आणखी मुलं आहेत का हे तुम्ही लिहिलं नाही. असतील तर ती कुठे आहेत हे कृपा करून आधी बघा. हे काम कोणत्याच कागदात येत नाही आणि म्हणून राहून जातं.

हीच बाई फिर्यादी म्हणून ठाण्यात गेली तर काय होतं, हाही याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1978 साली तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात दोघे पोलीस सुटले, कारण अंगावर जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नाही, असं धरलं गेलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलून पोलीस कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं. त्याच वर्षी पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महिलांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा आणि मोफत वकिलाबद्दल निर्देश दिले. मुंबईच्या तुरुंगात त्यांनी ज्या पंधरा स्त्रियांशी बोलणं केलं होतं, त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे देशाचा कायदा ज्या दोन प्रकरणांनी हलला, ती दोन्ही आपल्याच राज्यातली, आणि दोन्हींत त्रास झालेल्या बायका अशा होत्या ज्यांच्यामागे कोणी नव्हतं.

आता तुम्ही काय करू शकता ते. पहिलं काम, ती नेमकी कशामुळे आत आहे हे खात्रीने शोधणं. जामिनाच्या आदेशाची प्रत घ्या. मग कारागृहात चौकशी करा की दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात तिचा ताबा मागणारं वॉरंट आलंय का. पारधी आरोपींच्या बाबतीत एका केसमध्ये जामीन झाला की शेजारच्या ठाण्याच्या न उलगडलेल्या चोरीत 'वर्ग करून' घेतलं जातं, म्हणजे तिथेही आरोपी दाखवून ताबा घेतला जातो. तसं असेल तर त्या दुसऱ्या गुन्ह्यात वेगळा जामीन अर्ज लागेल, आणि पहिल्याच्या जामीनदारासाठी धावपळ करून उपयोग होणार नाही.

तसं काही नसेल, तर अट बदलून घेण्याचा अर्ज. यासाठी खासगी वकील लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्री आणि कोठडीतली व्यक्ती या दोन्ही कारणांनी तिला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथेच लोकअभिरक्षक कार्यालयाची, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाची, चौकशी करा. राष्ट्रीय हेल्पलाइन 15100. अर्जात 31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा उल्लेख करायला सांगा. त्यात तीन गोष्टी तिच्या कामाच्या आहेत. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्याभरात बंधपत्र आलं नाही तर कोर्ट आपणहून अटीत बदल करायचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबत असेल तर ती अट घालू नये. महिना भरायची वाट पाहू नका, अर्ज आत्ताच टाका. मागणी अशी असावी: जातमुचलक्यावर सोडावं, ते नसेल तर रक्कम कमी करावी, तेही नसेल तर जामीनदार जमवायला तात्पुरता जामीन द्यावा. खालच्या कोर्टाने नाही म्हटलं तर सत्र न्यायालयाला रक्कम कमी करायचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 484 मध्ये आहे, आणि बंधपत्राची रक्कम अवाजवी असू नये हेही त्याच कलमात आहे.

केंद्र सरकारची 2023 पासून गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आहे. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशाची मदत जिल्हा पातळीवरची समिती मंजूर करू शकते. काही विशेष कायद्यांखालचे गुन्हे त्यातून वगळले आहेत, पण साध्या घरफोडीला अडचण नसावी. कारागृह अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. एका गोष्टीपासून मात्र कटाक्षाने दूर राहा: कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारी माणसं. कागद खोटे निघाले की त्याचा गुन्हा तिच्याही गळ्यात पडू शकतो.

तिची जमात कागदावर काय आहे हेही पाहून ठेवा. आपल्या राज्यात फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातीत. ती फासेपारधी असेल आणि केस मुद्दाम खोटी रचली असेल, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3 मध्ये त्यासाठी तरतूद आहे. विमुक्त जातीत असेल तर तो कायदा लागू होत नाही, हा फार दुखरा फरक आहे. पण ही लढाई नंतरची. आत्ता तिला बाहेर काढणं महत्त्वाचं, आणि दोन्ही एकत्र सुरू केल्या तर पहिलीला उशीर होतो असा माझा अनुभव आहे.

सुटल्यानंतरचंही आजच ठरवा. ती ऊसतोडीला जात असेल तर दिवाळीनंतर मार्चपर्यंत कारखान्याच्या फडावर असेल. तारखेला आली नाही की अजामीनपात्र वॉरंट निघतं, कागदावर ती फरार होते, आणि पुढच्या वेळी जामीन नाकारायला खरोखरचं कारण मिळतं. म्हणून हंगामाआधी वकिलाकडून हजेरी माफीचा अर्ज देऊन ठेवायचा, फडाचा पत्ता आणि मुकादमाचा फोन कोर्टात द्यायचा.

शेवटी, तुमच्याकडे सातबारा आहे, त्यामुळे तुम्ही स्वतः जामीनदार राहू शकता. त्याआधी जबाबदारी नीट समजून घ्या. ती तारखांना हजर राहिली नाही तर कोर्ट तुम्हाला नोटीस काढेल आणि बंधपत्राच्या रकमेपर्यंत, म्हणजे 25,000 रुपयांपर्यंत, वसुली होऊ शकते. त्यापलीकडे तुमच्या जमिनीला धोका नाही, आणि तिच्या गुन्ह्याशी तुमचा संबंध जोडला जात नाही. पुढे नको वाटलं तर कोर्टात अर्ज देऊन जामीनकीतून मोकळंही होता येतं. गावातून तुम्हाला बोलणी बसतील, कारण फिर्यादी तुमच्याच गावचा आहे. ते सोसायची तयारी असेल तरच पुढे या, नसेल तर वर सांगितलेल्या जातमुचलक्याच्या अर्जावर भर द्या, त्यात कमीपणा काही नाही. कलमं, अटकेची तारीख आणि आदेशातली अटींची ओळ मला कळवा, म्हणजे अर्ज त्याच दंडाधिकाऱ्यांपुढे टाकायचा की थेट सत्र न्यायालयात, हे सांगता येईल.